‘तुम्हीच नीट धरला नसेल!’ – मालात खोट निघाली की पहिल्या दिवशी काय करायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी बाईकच्या मोबाईल होल्डरचा किस्सा दोन मिनिटांत उरकला. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, नुकसान नक्की किती झालं? आकडे सांगा ना." तर आज सगळा हिशेब देतो. सोबत मोठ्या मोबाईल कंपन्यांचाही हिशेब बघू. माझ्या ६० होल्डरमध्ये जे झालं, तेच त्यांच्या लाखो फोनमध्ये झालंय. फरक एवढाच की त्यांच्याकडे सावरायला अब्जावधी डॉलर होते, आणि माझ्याकडे गल्ल्यात जे होतं ते.

आधी माझी चूक

२०२२ चा पावसाळा. माझं दुकान कुरकुंभला, एमआयडीसीच्या रस्त्यावर. शिफ्ट सुटली की दौंड, पाटस, भिगवणकडे जाणाऱ्या बाईकवाल्यांची गर्दी असते. हँडलला लावायच्या मोबाईल होल्डरला मागणी दिसत होती. पुण्यातल्या एका होलसेलरकडून ६० पीस उचलले. १४० ला खरेदी, २५० ला विक्री. बिल कच्चं. बॉक्सवर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही. भाव चांगला होता, मी जास्त विचार केला नाही.

महिनाभरात ४१ पीस गेले. मी खुशीत.

मग एक दिवस प्लांटमध्ये हेल्पर असलेला एक दादा आला. हातात फोन, डिस्प्लेचा चुरा. म्हणाला, "भाऊ, स्पीडब्रेकरवर होल्डरमधून सुटला." दुकानात चार-पाच जण उभे होते. मी काय म्हणालो असेन?

"दादा, तुम्हीच नीट बसवला नसेल. एवढे विकले, कोणाची तक्रार नाही."

तो काही बोलला नाही. फोन खिशात घातला आणि गेला. मला वाटलं, विषय संपला.

पंधरा दिवसांत अजून दोघं आले. तीच तक्रार. तिसऱ्या वेळी मी होल्डर माझ्याच बाईकला लावला. पहिल्या खड्ड्यातच कळलं. होल्डरचा स्प्रिंगचा जबडा फोनच्या बाजूला बरोबर मध्यावर दाबतो. आजकालच्या बऱ्याच फोनचं पॉवर बटण तिथेच असतं. बटण थोडं वर आलेलं, म्हणून जबडा कडेला पूर्ण बसतच नाही. वरून बसल्यासारखा दिसतो, आत पकड अर्धीच. म्हणजे दादाने फोन नीटच बसवला होता. होल्डरच चुकीचा होता.

हिशेब

विक्रीतून आलेले: ४१ × २५० = १०,२५० रुपये.

गेलेले:
- ६० पीसची खरेदी: ८,४०० रुपये
- २३ जणांना पैसे परत: ५,७५० रुपये
- तिघांच्या डिस्प्लेचा खर्च: ६,३०० रुपये

एकूण गेले २०,४५०. आले १०,२५०. निव्वळ तोटा १०,२०० रुपये. उरलेले १९ पीस मी मोडून भंगारात टाकले. होलसेलरला फोन केला तर म्हणाला, माल उतरला की आमची जबाबदारी संपली. कच्च्या बिलावर मी भांडणार तरी काय?

आणि २३ च का? कारण ४१ पैकी फक्त १४ जणांचे नंबर माझ्याकडे होते. बाकीचे ९ जण दुकानाबाहेरचा बोर्ड वाचून किंवा ऐकून आले. १८ जण मला आजपर्यंत सापडलेले नाहीत. त्यांच्या बाईकला तो होल्डर अजून असेल, या विचाराने मला आजही बरं वाटत नाही.

पहिल्या दादाला मी शिफ्ट सुटताना गेटवर जाऊन भेटलो. डिस्प्ले टाकून देतो म्हणालो. त्याने टाकून घेतला. जाताना एवढंच म्हणाला, "फोन फुटल्याचं नव्हतं हो. चारचौघांत मला अडाणी ठरवलंत, त्याचं वाटलं."

मित्रांनो, १०,२०० रुपये मी दोन महिन्यांत कमावले. तो दादा अजून माझ्याकडे साधा रिचार्ज मारायला येत नाही.

हेच वाक्य जगातल्या सगळ्यात हुशार कंपनीनेही म्हटलं होतं

२४ जून २०१० ला ॲपलचा आयफोन ४ बाजारात आला. फोनच्या कडेची स्टीलची पट्टी हाच त्याचा अँटेना. दिसायला एक नंबर. पण डाव्या बाजूला खाली पट्टीत एक फट होती. तिथे तळहात टेकला की सिग्नल पडायचा. आणि फोन डाव्या हातात धरला की तळहात तिथेच येतो!

एका ग्राहकाने थेट स्टीव्ह जॉब्जना ईमेल केला. उत्तर आलं, त्याचा अर्थ असा की फोन तसा धरूच नका. म्हणजे माझंच वाक्य, फक्त इंग्रजीत.

पुढे २ जुलैला कंपनीने सांगितलं की सिग्नलच्या दांड्या मोजायचं सूत्रच चुकलंय, कधीकधी दोन दांड्या जास्त दिसतात. लोकांचं समाधान झालं नाही. १२ जुलैला ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकेतल्या ग्राहकांच्या संस्थेने चाचणी करून सांगितलं की आम्ही हा फोन घ्या असं म्हणू शकत नाही. उपाय पण त्यांनीच दाखवला: फटीवर चिकटपट्टी लावा! शेवटी १६ जुलैला जॉब्ज पत्रकारांसमोर आले. जो रबरी बंपर कंपनी २९ डॉलरला विकत होती, तसं कव्हर सगळ्यांना फुकट. ३० दिवसांत फोन परत केला तर पूर्ण पैसे.

आता त्याच दिवशी कंपनीने दिलेले आकडे बघा. अँटेनाची तक्रार करायला फोन करणारे ग्राहक होते ०.५५ टक्के. फोन परत करणारे १.७ टक्के, आधीच्या मॉडेलला हेच प्रमाण ६ टक्के होतं. तीन आठवड्यांत ३० लाखांच्या वर फोन विकले गेले होते.

म्हणजे काय? ‘तसा धरू नका’ म्हणूनही धंदा बुडला नाही. मी तुम्हाला ‘ग्राहकाशी उद्धट वागलात की कंपनी संपते’ अशी गोष्ट सांगणार नाही, कारण ती खरी नाही. आयफोन ज्याला हवा होता त्याला आयफोनच हवा होता. त्याने कव्हर घातलं आणि वापरला.

पण तुमच्याकडे आयफोन आहे का? माझ्या दुकानापासून चार दुकानं सोडली की अजून एक मोबाईलवाला आहे. तोच होल्डर, तोच चार्जर, तोच भाव. आपल्याला उद्धटपणा परवडत नाही, याचं साधं कारण हे.

एक पीस, एक बॅच, की डिझाइन?

तक्रार आली की पहिला प्रश्न ‘चूक कोणाची’ हा विचारू नका. ‘खोट किती मालात आहे’ हा विचारा. तीनच शक्यता असतात.

पहिली: एकच पीस खराब. बदलून द्या, संपलं.

दुसरी: एक बॅच खराब. डिझाइन चांगलं, पण ठरावीक दिवसांत बनलेला माल बिघडलेला. ती बॅच शोधून काढायची.

तिसरी: डिझाइनच चुकलंय. म्हणजे प्रत्येक पीसमध्ये तीच खोट. बदलून दुसरा दिला तरी तोच प्रॉब्लेम. इथे बदली नाही, पैसे परत किंवा पक्की दुरुस्ती.

माझी चूक बघा. पहिल्या तक्रारीला मी ‘ग्राहकाची चूक’ म्हणालो. दुसऱ्याला त्याच होल्डरचा दुसरा पीस दिला. तिसऱ्या शक्यतेवर यायला मला तीन फुटलेले डिस्प्ले लागले.

नोकियाची बॅटरी: बॅच कशी शोधायची

तुमच्यातल्या तिशीच्या पुढच्यांना बीएल-५सी बॅटरी आठवत असेल. नोकिया ११०० मध्ये तीच, त्या वेळचे स्मार्टफोन ६६०० आणि एन७० यांच्यातही तीच. १४ ऑगस्ट २००७ ला नोकियाने जाहीर केलं की जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर जास्त तापू शकतात. तोपर्यंत जगभरात सुमारे १०० घटना झाल्या होत्या.

आपल्याकडे काय गोंधळ उडाला होता! टीव्हीवर दिवसभर तेच. लोक फोन चार्जिंगला लावायला घाबरत होते. सर्व्हिस सेंटरबाहेर गर्दी. पण कंपनीने एक काम बरोबर केलं. बॅटरी काढा, मागचा २६ अक्षरांचा नंबर बघा, आणि तो आमच्याकडे तपासून घ्या. तुमची बॅटरी त्या बॅचची असेल तर नवी फुकट. नसेल तर निवांत वापरा.

त्या कंपनीने तोपर्यंत बीएल-५सी बॅटऱ्या सुमारे ३० कोटी विकल्या होत्या. नंबर छापलेला नसता तर सगळ्या ३० कोटींवर संशय गेला असता. नंबर होता म्हणून प्रश्न ४ कोटी ६० लाखांपुरता राहिला.

आता आपल्याकडे या. घरी मसाला बनवणाऱ्या ताई, एलईडी बल्ब जोडणारा दादा, शिलाई युनिटवाल्या वहिनी: तुमच्या मालावर बॅच नंबर आहे का? तारखेचा साधा रबरी शिक्का चालतो. तो नसेल तर एका खराब दिवसासाठी अख्ख्या वर्षाचा माल बदनाम होतो.

सॅमसंग नोट ७: घाईत बदलून दिलं आणि फसले

१९ ऑगस्ट २०१६ ला गॅलक्सी नोट ७ विक्रीला आला. काही दिवसांतच फोन पेट घेत असल्याच्या तक्रारी आल्या. २ सप्टेंबरला कंपनीने विक्री थांबवली आणि २५ लाख फोन बदलून द्यायचं जाहीर केलं. तेव्हा त्यांच्याकडे नोंद फक्त ३५ घटनांची होती. भारतात विक्री सुरू व्हायची होती, ती पुढे ढकलली. विमानात हा फोन चालू करू नका, अशी सूचना आपल्या डीजीसीएनेही काढली.

दोन आठवड्यांत निर्णय! वेग बघितला तर शंभर पैकी शंभर मार्क. पण त्यांनी धरून चाललं की खोट एकाच पुरवठादाराच्या बॅटरीत आहे. म्हणून दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घालून फोन बदलून दिले. ऑक्टोबरमध्ये बदलून दिलेल्या फोनमधूनही धूर निघाला, एक तर अमेरिकेत उड्डाणाआधी विमानातच. ११ ऑक्टोबरला मॉडेलच कायमचं बंद.

नंतर त्यांनी ७०० माणसं, २ लाख फोन आणि ३० हजार बॅटऱ्या लावून तपास केला. २३ जानेवारी २०१७ ला निकाल सांगितला. पहिल्या बॅटरीचं आवरण वरच्या कोपऱ्यात अपुरं होतं, त्यामुळे आतला पत्रा वाकत होता. दुसऱ्या बॅटरीत वेल्डिंगची खोट होती. दोन पुरवठादार, दोन वेगळ्या खोटी. पण तपास करून सगळं उघड मांडलं, बॅटरी तपासायची आठ टप्प्यांची पद्धत आणली, आणि पुढच्या मॉडेलला लोक परत आले.

आपल्यासाठी धडा: पैसे परत करायला उशीर नको, पण ‘बदलून देतो’ म्हणायच्या आधी नवा पीस स्वतः वापरून बघा. एकदा खराब निघालं तर ग्राहक समजून घेतो. बदलून दिलेलंही खराब निघालं तर तो पुन्हा समजून घेत नाही.

ग्रीन लाइन: मधल्यामध्ये दुकानदार

गेल्या काही वर्षांत ही तक्रार तुम्ही ऐकली असेल. फोन पडला नाही, भिजला नाही, आणि स्क्रीनवर उभी हिरवी रेघ. बरेच ग्राहक सांगायचे की अपडेट मारल्यावर आली. वॉरंटी संपलेली. मग ग्राहक कुठे येतो? कंपनीच्या ऑफिसला नाही, आपल्या काउंटरला.

सॅमसंगने भारतात काही जुन्या मॉडेलना ठरावीक मुदतीत एकदा स्क्रीन फुकट बदलून दिली. वनप्लसने आधी निवडक मॉडेलना आणि मग डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन लाइनसाठी आजीवन मोफत स्क्रीनची योजना भारतात जाहीर केली. उष्णता आणि दमटपणाचा स्क्रीनच्या कडांवर परिणाम होतो, म्हणून कडेचं चिकटवण जास्त पक्कं केलं, असंही सांगितलं.

पण त्याआधी काय झालं होतं? एप्रिल २०२४ मध्ये दक्षिण भारतातल्या मोठ्या मोबाईल दुकानदारांच्या संघटनेने १ मे पासून वनप्लसची विक्री बंद करायचा इशारा दिला. त्या साखळ्यांची दुकानं सुमारे ४,५०० होती, महाराष्ट्रातलीही त्यात होती. त्यांच्या तक्रारी दोन: मार्जिन कमी, आणि वॉरंटीचे क्लेम लवकर सुटत नाहीत. म्हणजे शिव्या दुकानदाराने खायच्या आणि चावी कंपनीच्या हातात.

म्हणून कुठलाही ब्रँड घेताना फक्त मार्जिन विचारू नका. ‘माल परत घ्यायची पद्धत काय, किती दिवसांत, कोणाकडे’ हे विचारा आणि व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

कायदा दुकानदाराला काय म्हणतो?

हे मला बीबीएला कोणी नीट शिकवलं नाही, म्हणून इथे सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, लागू २० जुलै २०२० पासून. त्यात मालाच्या दोषामुळे नुकसान झालं तर जबाबदारी कोणाची, यावर वेगळं प्रकरण आहे.

कलम ८४ प्रमाणे बनवणारा जबाबदार. बनवताना राहिलेली खोट, डिझाइनमधली खोट, वापराची पुरेशी सूचना न देणं, सगळं त्यात येतं.

कलम ८६ आपल्यासाठी. विकणाराही जबाबदार ठरतो, जर:
- त्याने मालात स्वतः बदल केला आणि त्याच बदलामुळे नुकसान झालं,
- कंपनीपेक्षा वेगळी गॅरंटी स्वतःच्या तोंडाने दिली आणि माल तिला उतरला नाही,
- बनवणारा कोण हेच माहीत नाही,
- माल तपासण्यात किंवा जोडण्यात काळजी घेतली नाही, किंवा कंपनीची सूचना ग्राहकापर्यंत पोचवली नाही.

तिसरा मुद्दा परत वाचा. माझ्या होल्डरवर नाव नव्हतं. म्हणजे कायद्यासमोर तिन्ही फोनचा धनी मीच. त्या दादाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला असता किंवा पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे गेला असता तर १४० रुपयांचा होल्डर मला कितीला पडला असता विचार करा.

अजून एक. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा बोर्ड लावलाय ना? सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बोर्ड काढून टाका.

अर्थात ग्राहकाने चुकीचा वापर केला असेल किंवा वस्तूत फेरफार केले असतील तर कायदा आपल्याला संरक्षणही देतो. पण ते आपण आधी तपासायचं आणि मग बोलायचं. मी आधी बोललो होतो.

आता माझ्या दुकानात काय चालतं

१. नवीन मालाचा पहिला पीस मी स्वतः आठवडाभर वापरतो. होल्डर असेल तर बाईकला, चार्जर असेल तर रात्रभर नाही, दिवसा डोळ्यांसमोर.

२. नाव-पत्ता नसलेला माल आणि कच्चं बिल, दोन्ही बंद. मार्जिन १५-२० रुपयांनी कमी झालं. चालतंय.

३. प्रत्येक बिलावर ग्राहकाचा नंबर आणि मालाची तारीख. कोणी नंबर द्यायला नको म्हणालं तर जबरदस्ती नाही.

४. काउंटरखाली तक्रारींची वही. एकाच मालाची दुसरी तक्रार आली की विक्री थांबवायची आणि तपासायचं. तिसरीची वाट बघायची नाही.

५. ग्राहकाचा जुगाड बघायचा. कोणी होल्डरला रबर बँड लावतो, कोणी चार्जरच्या पिनेला कागद. एकाने लावला तर त्याची आवड. तिघांनी तोच जुगाड लावला तर ती डिझाइनची खोट आहे, आणि त्यांनी ती तुम्हाला फुकटात दाखवलीय. आयफोनची चिकटपट्टी आठवा.

६. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पहिलं वाक्य ठरलेलं: "दाखवा बरं, कधी झालं?" दुकानात काम करणाऱ्या पोरालाही तेच शिकवलंय. चूक कोणाची हे वस्तू हातात घेतल्यावर, आणि ग्राहकाची असली तरी बाजूला घेऊन सांगायचं. चारचौघांत नाही.

हे सगळं करून धंदा दुप्पट झाला असं मी म्हणणार नाही. पैसे परत घेतलेल्या २३ जणांपैकी बहुतेक जण पैसे घेऊन गेले, कोणी माझा सत्कार केला नाही. पण त्या दादाचा मेहुणा आता माझ्याकडे येतो. मागच्या महिन्यात त्याने विचारलं, "तुमच्याकडे चांगला होल्डर आहे का? दाजी म्हणाले तपासून देतात." मी गाडीची चावी घेतली आणि त्याचा फोन होल्डरला लावून आधी हायवेपर्यंत एक चक्कर मारून आणली.

तुमच्या मालात आत्ता कुठली तक्रार दोनदा आलीय? आज रात्री दुकान बंद करायच्या आधी ती वहीत लिहा. आणि तो नमुना स्वतः वापरून बघा. पुढच्या व्हिडिओत होलसेलरकडून परतीच्या अटी कशा ठरवायच्या आणि त्या लिहून कशा घ्यायच्या, ते बघू.

भेटू. तोपर्यंत धंदा करा, पण तपासून करा!